टोपली उतरवण्याआधी

बाबा, तुमच्या नातीला श्वासाच्या मशीनवर ठेवायचं म्हणतात. ताप मेंदूत गेलाय. सरकारी दवाखान्यात मशीन रिकामं नव्हतं, लागलं तर जवळ असावं म्हणून परवा तिला चंद्रपुरातल्या या खाजगी दवाखान्यात आणलं. सहीचा कागद माझ्या मांडीवर आहे आणि मी तिच्या एक्स-रेच्या पाकिटामागे तुम्हाला लिहीत बसले आहे. दुसरं कोणाला सांगू? हे गावाकडे पैशासाठी दारोदार फिरताहेत.

धानोऱ्याचा बाजार आठवतो. तुमच्या डोक्यावर मोहफुलांची टोपली, माझ्या डोक्यावर चारोळीची लहान दुरडी, आणि व्यापारी गोड बोलून म्हणतोय, ठेव तर खाली, मग बघू. तुम्ही ठेवत नाही. घाम डोळ्यांत उतरतो, तरी उभेच. "भाव बोलल्याबिगर टोपली उतरवाची नाई, माय. एकदा खाली ठेवली का माल त्याचा अन् भावबी त्याचाच." मला तुमचा राग यायचा, कारण माझी मान दुखत असायची.

मग तो दिवस. तुमच्या छातीत दुखत होतं आणि मी तुम्हाला याच शहरात, अशाच एका दवाखान्याच्या काऊंटरपुढे आणलं होतं. मी नवी नवी मास्तरीण, इस्त्रीची साडी नेसलेली. तुम्ही छाती धरून विचारलंत, "किती लागन, बाई?" काऊंटरवरची मुलगी हसत म्हणाली, "पहले ॲडमिट तर व्हा, काका, मग पाहू." तुम्ही म्हणालात, "मंग मी टोपली नाई उतरवत." आणि चालत स्टँडवर गेलात. मी हातापाया पडले, पण तुमच्या हट्टापुढे कोणाचं काय चालणार? नवव्या दिवशी तुम्ही गेलात. कोणी नुसता आकडा सांगितला असता तरी तुम्ही थांबला असता. कितीही मोठा असता तरी मी भरला असता हो.

आज मीही विचारलं. भिंतीवर दरपत्रक आहे, लावावंच लागतं म्हणे. खोलीचा दर आहे, तपासण्यांचा आहे. मशीनपुढे मात्र लिहिलंय, गरजेनुसार. वर्गात असं गणित घातलं तर पोरं हात वर करून सांगतील, बाई, यात दर द्यायचा राहिला. डॉक्टर म्हणाले, किती दिवस लागतील ते आज कसं सांगू? खरंच आहे. मी म्हटलं, एका दिवसाचं तरी सांगा. ते काऊंटरकडे बोट दाखवून आत गेले. काऊंटरवरचा माणूस म्हणाला, "म्याडम, तुम्ही पोरगी पाहून राह्यल्या का पैसा?" मागे उभ्या बाईने माझा पदर ओढला. "नका इचारू, ताई. पैसा नाई समजतेत अन् बेड दुसऱ्याले देतेत."

काचेतून तिचे पाय दिसताहेत. तुमच्यासारखेच, अंगठा बाहेर वळलेला. मी सही केली, बाबा. भाव न ऐकता टोपली उतरवली. तुम्ही ओरडला असता, किंवा नसतातही. नातीसाठी तुम्हीही उतरवली असती.

हे पाकीट आता आत मागताहेत. मागची बाजू कोण वाचणार? द्यायच्या आधी एकच. त्या दिवशी बसमध्ये तुम्ही विचारलं होतं, "त्या पोरीसंगं तूबी हासली का वं?" मी नाई म्हणाले होते. हासले होते, बाबा.