पाहणीच्या दिवशीचं भरीत

नगररचनेचे साहेब,
शकुनचा नमस्कार.

काल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावच्या विकास आराखड्याचा पक्का नकाशा लागला. पयल्या नकाशात घरांच्या प्लॉटसाठी पिवळा केलेला आमचा मळा आता शेतीचा हिरवा झाला! मी अन् सासूबाई तिथंच फुगडी खेळलो.

पण एक कबुली देनं आहे. पाहणीच्या दिवशी तुमी मळ्यात भरीत खाल्लं अन् म्हणाले, "अशा मातीवर घरं कायले बांधता?" साहेब, ती वांगी नणंदेनं अकोल्याच्या बाजारातून आणली होती. आमच्या झाडांले तवा नुसती फुलं होती.

आता आमची वांगी लागली. चाखून पाह्यली, अकोल्याच्या वरताण आहेत! म्हणून हे पत्र चुलीत घालून राहिली. त्याच जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत उद्या तुमच्या ऑफिसात येईल.

तुमच्या हिरव्या रंगातली,
शकुन