बाबांच्या कॉम्प्युटरची घरघर

रविवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

आज आईचा कॉम्प्युटर नीट केला. म्हणजे बाबांचा. ते गेल्यापासून आईच वापरते, बेंगळुरूच्या ताईला मेल करायला. एक मेल उघडेपर्यंत चहा करून येता येतो. वर आतल्या पंख्याची ती घरघर, दिवसभर.

कारण लगेच सापडलं. रिटायर झाल्यावर बाबांनी भीमगीतांच्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. हरवतील म्हणून प्रत्येकीच्या चार-चार कॉप्या, वेगवेगळ्या फोल्डरांत. गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर गुपचूप त्या कॉप्यांचीच यादी करत बसलेलं, म्हणून पंखाही थांबेना. ती संपणार कधी? सेटिंगमधली यादीची टिक काढली. घरघर थांबली. मेल चटकन उघडली.

बाबांचे फोल्डर बघून रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. हिंजवडीच्या आयटी कंपनीत रोज हेच तर करतो.

आई स्वयंपाकघरातून आली. "बंद पडला का रे?"

"नाही गं. आता पळतोय. बघ तरी."

तिने बघितलं नाही. म्हणाली, "आवाज असायचा दिवसभर. तुझे बाबा आत बसलेत असं वाटायचं." आणि पोळ्या लाटायला गेली.

काय वाटायला हवं होतं मला? मग ती टिक परत लावली. घरघर सुरू झाली.

जेवताना ताईचा फोन. कॉम्प्युटर झाला का नीट, म्हणून.

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "हो, झाला. आता अगदी पहिल्यासारखा चालतोय."