मिशीखालचा ओठ

दि. ४ जून

विहीणबाईंस,

स. न. वि. वि. एवढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं, आता कामाचं बोलते.

फोनवर काही विचारलं की तुम्ही हुंदके देता आणि मुद्दा तिथंच राहतो, म्हणून हे पत्र. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका.

नात महिन्याची झाली. वरचा ओठ नाकापर्यंत उघडा, आत टाळूला फट, पाजलेलं दूध नाकातून बाहेर. बघायचं ते बघितलं. पण हे आलं कुठून, ते कुणी सांगेना. आमच्याकडे असं एकही तोंड नाही. तुम्ही म्हणता, आमच्याकडेही नाही. मग काय आभाळातून पडलं? आधी मला सूनबाईच्या डोकेदुखीच्या गोळ्यांचा संशय होता. आता दुसराच येतो.

काल लग्नाचा अल्बम घेऊन बसले. तुमचे तिकीट तपासनीस यजमान (निवृत्त झाले म्हणता, पण मांडवात माझ्याकडे बिनतिकिटाचं सापडल्यासारखंच बघत होते), त्यांची ती मिशी! एका फोटोत वरचा ओठ दिसेल तर शपथ. जेवताना नाही, हसताना नाही. एवढं झुडूप माणूस उगाच वागवतो का? खाली टाके असणार. मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवते. जिथं वरून जाड पट्टी मारलेली दिसते तिथं खाली काहीतरी फाटलेलं असतं, एवढं मला कळतं.

ती रक्तावरून घराण्याचं सांगणारी डॉक्टरीण मुलाचं रक्त मागते म्हणे. मी त्याला सांगितलंय, द्यायचं नाही. तुमचं झाकून आमच्या माथी मारायचा डाव दिसतोय. मिशी काढून फोटो पाठवा. तोवर सूनबाई आणि बाळ तुमच्याकडेच राहू देत.

लोभाचं काय ते फोटो बघून ठरवू.

तुमची विहीण

दि. १३ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

फोटो सोबत आहे. लग्न झाल्यापासून मीही तो ओठ पाहिला नव्हता, त्यामुळे तुमच्याइतक्याच उत्सुकतेनं वाकून पाहिला. काही नाही. सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत. मी यांना म्हटलं, कशाला ऐकता कुणाचं? तर म्हणाले, लेकीच्या संसारापुढे मिशी काय घेऊन बसलीस. आता बाहेर पडताना तोंडाला रुमाल लावतात.

गोळ्यांचंही मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटात चेहरा एकदम होत नाही. दोन्ही बाजूंनी तुकडे वाढत येतात आणि मध्ये जुळतात, तो ओठ. टाळूच्या तर दोन पाकळ्या आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. जीभ खाली सरकली की त्या वर उठतात, आडव्या होतात आणि एकमेकींना चिकटतात. कधी उठायचं, कुठे चिकटायचं, याचा हुकूम आईबापांकडून आलेल्या जीनमधून सुटतो. तो अर्धवट सुटला की फट राहते. त्या दोन गोळ्यांनी हे झालेलं नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. माझी मुलगी ते ऐकून प्रथमच पोटभर जेवली.

जावईबापूंचा खालचा ओठ त्यांनी आधीच पाहिला होता. त्यावर मध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे आहेत. तेही याच जीनचं लक्षण असू शकतं. कुणाच्या वाट्याला नुसते खळगे येतात, कुणाच्या वाट्याला फट. म्हणून रक्त हवं आहे. पुढच्या बाळाचं काय, तेही त्यावरून कळेल.

मुलगी म्हणते, असेच खळगे सासूबाईंनाही आहेत. मला माहीत नाही. तुमचा ओठ एका जागी थांबलेला मी कधी पाहिलेला नाही.

राग नसावा. फोटो परत पाठवू नये, यांना तो फाडायचा आहे.

आपली विहीण

दि. २८ जून

विहीणबाईंस नमस्कार.

फोटो मिळाला. फोटोग्राफर हल्ली काय वाटेल ते पुसून देतात, म्हणून उजेडात धरून उलटासुलटा बघितला. खराच आहे.

मग आरसा घेतला. खळगे आहेत. ते मला पहिल्यापासून माहीत आहेत, पण ती टाचण्यांची खूण आहे असं मी धरून चाललेले. कव्हर शिवताना टाचण्या ओठात धरतो आम्ही. मुलगाही लहानपणी माझं बघून धरायचा, मार खायचा. त्याच्या ओठावर दिसले तेव्हा म्हटलं, बस, लागल्या ना टाचण्या!

तुमचं पत्र खोटं पाडायला दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या बायकांना टाचण्या थुंकायला लावल्या आणि एकेकीचा ओठ खाली ओढून बघितला. म्हाताऱ्या कटरबाईचासुद्धा, तिचा जन्म टाचण्या चावण्यात गेला. एकीलाही खळगा नाही. त्या म्हणतात मला वेड लागलंय.

तरी डॉक्टरणीकडे जाऊन तिला स्पष्ट विचारलं, तुला सुनेच्या माहेरवाल्यांनी काही दिलंय का? ती हसली. माझा ओठ बघितला आणि हसायची थांबली. बहुतेक माझ्याकडून मुलाला, मुलाकडून नातीला, म्हणाली. मी म्हटलं, मग दोष माझा. तर म्हणाली, कानाचा आकार देतो तसंच हे दिलंत, यात दोष कसला. मला ते पटलं नाही, पण रक्त दिलं. मुलाला बखोट धरून नेलं, त्याचंही दिलं.

मिशीवरून बोलले ते चुकलं. सूनबाईला घरी पाठवा. पाळणा पुसून ठेवलाय. ती काय म्हणते ते खरं कळवा, गोड करून लिहू नका.

लोभ मागायला तोंड नाही, पण असू द्या.

तुमची विहीण

दि. २० जुलै

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

गोड करून लिहीत नाही. ती इतक्यात घरी येणार नाही. तुमचं पत्र तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली की आपण डोकेदुखीच्या त्या गोळ्या नेमक्या कधी घेतल्या, हे आठवत ती रात्र रात्र जागली आहे, ते एका पत्रानं फिटत नाही. मी समजावलं नाही. तिचं बरोबर आहे.

पुढच्या आठवड्यात ओठाचं ऑपरेशन आहे. टाळूचं वर्षभरानं. ऑपरेशनच्या दारापर्यंत बाळाला घेऊन घरातल्या एकालाच जाऊ देतात. मला वाटलं, मला सांगेल किंवा यांना. यांनी तर नवा सदराही काढून ठेवला होता. तिनं तुमचं नाव सांगितलं.

एवढा राग आहे आणि त्याच का, असं मी विचारलं. तर म्हणाली, आपण सगळे डॉक्टरांपुढे मान डोलावतो. त्या कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाहीत. भूल कोण देणार, सुई कुठली, शुद्धीवर कधी येणार, सगळं खोदून विचारल्याशिवाय बाळ हातातून सोडणार नाहीत. मला तसंच माणूस हवं आहे.

तेव्हा या. भांडायचंच असेल तर तिथं, त्या दाराशी भांडा.

आमच्याकडून लोभ आहे. तो तेवढा तपासू नका.

आपली विहीण