चुन्याच्या पाण्यातले हात

माय,

तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आले. आता हिशेबानं तू माझी धाकटी बहीण लागशील, आणि तरी काल घाबरल्यावर मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी आठवलं नाही. रागही तुझाच आला. पण आधी भीतीचं सांगते. माझ्या अंगाला खाज सुटली आहे. तळहातांना, तळपायांना, पाठीवर हात पोचत नाही नेमकी तिथे. जेवणावरची वासना उडाली आहे, फोडणीच्या वासानं मळमळतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते. तुला याहून जास्त सांगायला नको. तुलाही हेच होत होतं, याच हळदीच्या दिवसांत, आणि घरभर माणसं तुझ्याकडे बघत असून कुणाला काही दिसलं नाही.

शिरड शहापूरच्या आपल्या शेतातले ते दिवस मला वासासकट आठवतात. बांधाशेजारी मोठी कढई चढलेली आहे, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं झाकलेलं. तू पोतं बाजूला सारून वाफेत तोंड घालतेस, एक हळकुंड उचलून काडीनं टोचतेस, आणि काडी आरपार गेली की नुसती मान हलवतेस. मग दोन बाप्ये कढई उपसायला धावतात. शेताचे मालक बाबा, पण कढईपाशी तुझंच चालायचं. पुढे हळद वाळली की तो लोखंडी ढोल. दोन्ही बाजूंनी दोघांनी फिरवायचा, आत हळकुंडं एकमेकांवर घासून साफ व्हायची आणि पिवळा धुरळा घरादारावर बसायचा. पापण्यांवर, कानांत, भाकरीच्या पिठातसुद्धा. कुत्रं पिवळं व्हायचं. शाळेत मला गुरुजी म्हणायचे, आल्या नवरीबाई. त्या सगळ्या पिवळ्या घरात तूही पिवळी पडत चालली होतीस, आणि तेवढं एक कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. तू खाजवायचीस, तर सगळेच खाजवत होते. तू अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचीस, तर कामाच्या घाईत बाईमाणूस कधी धड जेवतं?

बाबांना मात्र एकदा शंका आली. तू अंगणात हळद निवडत बसली होतीस. ते समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझे डोळे पिवळे दिसून राहिले." तू वर न बघता म्हणालीस, "धुरळा गेला आसंल. हळदच हाय ती, धुतली की जाते." पण बाबांनी धरून ठेवलं. औंढ्याकडच्या एका खेड्यात एक म्हातारबाबा कावीळ उतरवायचे. परातीत चुन्याचं पाणी घ्यायचं, त्यात आजाऱ्याचे हात कोपरापासून चोळून धुवायचे. पाणी पिवळं झालं की ती कावीळ, आणि रोज धुता धुता ती उतरते, असा सगळ्यांचा विश्वास. शाळा बुडवून मीही तुमच्याबरोबर गेले. एसटीत तू मला मांडीवर घेतलंस, मी मांडीवर बसण्याएवढी लहान नव्हते तरी.

म्हातारबाबांनी तुझे हात परातीत धरले आणि पाणी लाल झालं. कुंकवासारखं लाल. ते आधी दचकले, मग मोठ्यानं हसले. बाबांना म्हणाले की ही कावीळ नाही, ही तुमच्या ढोलावरची हळद आहे, बाईला घरी न्या आणि साबणानं आंघोळ घाला. बाबांच्या चेहऱ्यावरचा घोर उतरलेला मला अजून दिसतो. त्यांनी स्टँडवर भजी घेतली. परतताना वाटभर तेच सांगत होते, कसं पाणी लाल झालं, कसा म्हातारा दचकला. सगळ्यात जास्त तू हसत होतीस. तुझ्या वाट्याची भजी तू मला दिलीस आणि मी ती खाल्ली.

नंतर हळद बाजाराला गेली, घर झाडून निघालं, अंगणसुद्धा सारवलं, आणि तुझा पिवळेपणा मात्र गेला नाही. नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत गाठ आहे, फार उशीर केला. ते बाबांवर चिडले. इतकी पिवळी झाली बाई, तुम्हाला दिसत नव्हती का? बाबा हात जोडून म्हणाले, "सायेब, आमच्या घरात समदेच पिवळे व्हते." पुढे ते कधी हळदीच्या ढोलापाशी उभे राहिले नाहीत.

तुझ्या तेराव्याला बायका बोलत होत्या. राबराब राबली, सासू-सासऱ्यांचं केलं, दीर-नणंदांचं केलं, लेकरांचं केलं, स्वतःकडे तेवढं बघितलं नाही. मी ते खरं धरलं. इकडे हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ सासरी आले, अंगणवाडीवर लागले, आणि तेच सांगत आले. गरोदर पोरी यायच्या, अंगावर दुखणी काढणाऱ्या बायका यायच्या, त्यांना दटावायचे की माझ्या आईसारखं करू नका बायांनो, तिला वेळ मिळाला नाही, तुम्ही काढा. बायका डोळे पुसायच्या. मला वाटायचं, तुझ्या जाण्याचा निदान एवढा तरी उपयोग झाला.

आता आमच्या घरी हळद शिजवायला वाफेचा मोठा कुकर येतो आणि ढोल ट्रॅक्टरवर फिरतो, पण धुरळा तोच आहे. घरधन्यांना खाजेचं सांगितलं तर म्हणाले, धुरळ्यानं होतं, दरवर्षीच होतं. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की विचारू नको. पण माझी सून डोळ्यात तेल घालून असते. सकाळी उठल्यापासून तिचा हात रिकामा नसतो, आणि त्यातही कुणी किती खाल्लं हे तिला ठाऊक असतं. कुणाला न विचारता तिनं हिंगोलीला डॉक्टरचा नंबर लावला आणि काल दुपारी मला म्हणाली, उद्या जीप सांगितलीय, आज अंगावरची हळद चांगली धुऊन काढा.

मी घासून आंघोळ केली. केस धुतले. आणि मग काय केलं सांगू? मागच्या पडवीत गेले, जिथे बाजाराला जायची पोती शिवून ठेवली आहेत. ढोलाखालचा भुगा एका टोपल्यात साठवलेला होता, त्यात कोपरापर्यंत हात घातले. गालांना लावला. गळ्याला लावला. माझं काहीएक काम नव्हतं तिथे. आणि हात तसेच टोपल्यात असताना मला तू दिसलीस. म्हातारबाबांकडे जायच्या सकाळी आंघोळ करून, निळं लुगडं नेसून, वेणी घालून तू ढोलामागे वाकली होतीस आणि भुग्यात हात चोळत होतीस. मी बोलवायला आले होते. तू पदरानं गाल पुसल्यासारखं केलंस आणि म्हणालीस, "चल, यष्टी जाईल." इतकी वर्षं मी समजत होते की निघता निघतासुद्धा माझी आई काम करत होती. पण माय, ढोल त्या दिवशी बंद होता. पोती शिवून झाली होती. आणि हळदीला चुना लागला की लाल होतं, हे आपल्याकडच्या कुठल्या बाईला सांगावं लागतं? साबण लावल्यावर लुगड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो ते तूच मला दाखवलं होतंस.

तुला ठाऊक होतं. म्हाताऱ्याकडे जायच्या आधीच तू पाण्याचं उत्तर ठरवून ठेवलं होतंस. काल मला तुझा असा राग आला की टोपलं उलथून टाकावंसं वाटलं. आम्ही पोरकी झालो, बाबा जन्मभर स्वतःला दोष देत राहिले, आणि तू सगळ्यांच्या डोळ्यांत हळद घातली होतीस. पण राग मी कुठल्या तोंडानं धरणार? माझेही हात भुग्यातच होते. तुला वेळ मिळाला नाही, हे खोटं आहे. तू घाबरली होतीस. डॉक्टरनं नाव घेतलं की ते खरं होईल, मग घर मागे टाकून जायचं हे मान्य करावं लागेल, म्हणून तू आणखी एक पोतं निवडायला घ्यायचीस, आणखी एक कढई चढवायचीस. लोक त्याला कष्ट म्हणत होते. आपण बाया घाबरलो की कामाला लागतो, आणि कामाला लागलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

सुनेनं मात्र विचारलं. ती पडवीत आली, माझे हात पाहिले आणि मला न्हाणीत घेऊन गेली. साबण लावला, लाल फेस खाली गेला, तिनं पुन्हा लावला. मी म्हटलं, बघ, निघाली ना. ती म्हणाली, "आत्याबाई, हात न्हाई, डोळे दाखवा. वर बघा." मी डोळे गच्च मिटून घेतले. या वयात. ती हसली नाही. माझी हनुवटी धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "काहून लपवून राहिल्या? लपवल्यानं कमी होतंय का ते?" मग स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. रात्री म्हणाली की नुसता खडासुद्धा असू शकतो, खड्याचं ऑपरेशन होतं आणि माणूस घरी येतं. ते मलाही माहीत आहे. अंगणवाडीत मीच ते सांगत असते. आणि गाठ असली तर काय, ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

आता सकाळ आहे. साडी बदलते सांगून मी खोलीला कडी लावली आणि पोरांच्या वहीचे कागद फाडून हे लिहीत बसले. साडी अजून तीच आहे. मघाशी रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. सून दाराशी येऊन गेली, घाई करा म्हणाली नाही, नुसतं म्हणाली, मी इथंच हाय. हे कागद तुला कुठल्या पत्त्यावर टाकायचे? उशीच्या खोळीत राहतील. बाहेर गेल्यावर तिला काय म्हणायचं ते मी ठरवलं आहे. पोरी, मला भ्या वाटून राहिलं. एवढंच. तू हे कधी कुणाला म्हणाली नाहीस, बाबांनाही नाही. मीही अजून म्हटलेलं नाही माय, नुसतं इथं लिहून बघितलं.