दोर आईच्या हातात

पंकजदादा,

तू जर्मनीला गेल्यापासून पूर्णेकाठच्या आपल्या कड्यावर कुणीच चढलं न्हाई. मानवतची पोरं यायची, तीबी कामाधंद्याला लागली. खाली दोर धरायला माणूस नसला की चढता येत न्हाई. मी नुसतीच झाडीत बसायचे आन् खडक बघून परत यायचे.

एक दिवस आई म्हणली, "मी धरते की. मला शिकीव."

अंगणातल्या लिंबाखाली तिला शिकवलं. मग रविवारी कड्याखाली तिला सादड्याच्या खोडाला बांधलं आन् दोर तिच्या हातात दिला. तू शिकवलंस तसं फटीत पाचरी बसवत, त्यात दोर अडकवत मी चढत गेले. निम्म्याच्या वर पाय सटकला. धाडकन खाली आले आन् दोर गच्च होऊन मधीच लटकले. खाली बघितलं, तर आई दोर छातीशी धरून, डोळे मिटून उभी होती.

"आई, हळूहळू उतरव आता."

तिनं उतरवलं. मी तिच्यासमोर उभी राहिले, तरी तिच्या मुठी सुटंनात.

"सोड की. आले मी खाली."

"पंकजला कळवू नको," ती म्हणली. "लय घोर लागंल त्याला."

म्हणून हे पत्र लिहिलं तरी मी टाकणार न्हाई.

मी तिच्या मुठीतून दोर सोडवला आन् तिला खोडापासून मोकळं केलं. मग तिनं विचारलं, "तिकडं त्याचा दोर कोण धरत असंल गं?"

मी दोर गुंडाळायला घेतला, दादा.

तुझी,
त्रिवेणी
जिंतूर