गंगूच्या मशीनचा धोटा

धारवाड, मार्गशीर्ष वद्य तृतीया, मंगळवार

गंगूच्या जुन्या शिवणाच्या मशीनचा धोटा आज हुबळीत मिळाला. खालच्या दोऱ्यासाठी नव्या मशीनना गोल डबी लागते, हिच्या मशीनला होडीसारखा लांब धोटा. दुकानदार त्याला कानडीत ‘दोणी’, म्हणजे होडीच, म्हणतात, हे कळेपर्यंत बाजार पालथा घातला. विलायती माल, आणि घेणारा मी! पण विधवा बहीण, शिवणावर पोट.

घरी स्वदेशीच्या सभेसाठी वकील मंडळी बसलेली. चहा देताना गंगूनं विचारलं, “अण्णा, माझा धोटा?”

“आधी सभेचं बोलू दे.”

“भाषणाला टाळ्या पडतात, अण्णा. टाके नाही पडत.”

सगळे हसले.

धोटा खिशातच होता. मी म्हणालो, “विलायती मशीनसाठी या घरात सुईसुद्धा येणार नाही.” हसू थांबलं. कुणी शाबासही म्हणालं. गंगू हळूच म्हणाली, “लग्नाची पोलकी शुक्रवारी द्यायचीत. काम दुसरीकडे जाईल, अण्णा.”

मंडळी गेल्यावर धोटा विहिरीत टाकला.

टाळ्या आणि टाके. इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं आहे?

काम जाईल. जाऊ दे. माझ्या अन्नावर जगणारी बहीण चारचौघांत माझं हसं करणार नाही.