लाल ठिपक्याचा बोल्ट

११ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं. मागच्या तीन रोजनिश्या जानेवारीतच का संपल्या, त्यात आता शिरायला नको.

रविवारी आप्पांना डोंगरावर न्यायचंय. आप्पा म्हणजे सासरे. वरच्या हवामान चौकीत एकतीस वर्षं वारा आणि पाऊस मोजला. रविवारी चौकी कायमची बंद होतेय. सकाळी अकराची शेवटची नोंद आप्पांनी स्वतःच्या हाताने लिहायची, असं वरच्या मंडळींनी ठरवलंय. गुडघे पार गेलेत, चालत जाणं शक्य नाही. शेवटचा चार किलोमीटर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि खडा चढ, तिथे फोर-व्हील ड्राइव्हच हवी. ती आपल्या दारात आहे. आप्पांचीच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला दिली, किल्लीसोबत गाडीच्या नोंदींची वहीही.

देताना एकच म्हणाले होते, ट्रान्सफर केसचं तेल तेवढं बदलून घ्या. काल फोनवर विचारलं, बदललं होतंत ना? माझ्या तोंडून निघून गेलं, हो तर, स्वतःच्या हाताने.

हे खोटं नाही. आगाऊ सांगितलेलं खरं आहे. पाच दिवसांत खरं करून टाकायचं.

१२ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, गाडी मिस्त्रीकडे टाक, अर्ध्या तासाचं काम. मिस्त्री आप्पांचा वीस वर्षांचा माणूस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत आप्पांना कळेल की तेल आत्ता बदललं. म्हणजे नाहीच.

तिला सांगितलं, आप्पांच्या गाडीला परक्याचा हात लागायला नको. हे ऐकून ती गहिवरेल असं वाटलं होतं. ती बाथरूमच्या नळाकडे बघत राहिली. नळ मी मागच्या वर्षी दुरुस्त केला होता. सुतळीने. अजून टिकून आहे.

रात्री पाच व्हिडिओ बघितले. विषय सोपा आहे. गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी पेटी, ती ताकद चारही चाकांना वाटते. ती ट्रान्सफर केस. वरच्या बोल्टमधून तेल भरायचं, खालच्या बोल्टमधून काढायचं. आणि एक सुवर्णनियम: आधी वरचा बोल्ट सैल होतो का बघायचं, मगच खालचा खोलायचा. नाहीतर जुनं तेल जातं आणि नवं भरायला भोकच नसतं. अडाणी लोक इथेच फसतात.

१३ मार्च, बुधवार

दोन लिटर तेल, हातपंप, नळी, पसरट पातेलं जमवलं. पातेलं घरातलंच. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आप्पांची वही चाळली. बारीक अक्षर, तारीखवार, तीस वर्षांचं. पहिल्या पानावर सूचनाच सूचना. वाचणार होतो. पण ही वही भावनिक आहे, तांत्रिक माहिती व्हिडिओत जास्त ताजी मिळते.

१४ मार्च, गुरुवार. दुपारी २.३०

फत्ते!

ऑफिसात कळवलं, घरगुती अडचण. (हेही आगाऊ खरं.) सकाळी नऊला गाडीखाली शिरलो. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर खुर्ची टाकून समोर बसले. मी विचारलं, काही काम होतं का? ते म्हणाले, नाही, करमणूक.

सुवर्णनियम पाळला. मागच्या पेटीचा वरचा बोल्ट आधी सैल केला. निघाला! मग खालचा शोधला. खाली दोन बोल्ट, अगदी जुळे. एक पुढे, एक मागे. दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. पण पुढच्यावर लाल रंगाचा ठिपका होता. आप्पांनीच लावलेला. किती विचारी माणूस! माझ्यासाठी खूण करून ठेवली. खाली पडल्यापडल्या डोळे भरून आले. थोडी मातीही गेली होती.

लाल ठिपक्याचा बोल्ट खोलला. तेल भसकन आलं. अडीच लिटर तरी असेल. पातेल्यात दोन, बाकी माझ्या बाहीत. मास्तरांनी विचारलं, खोललात तो बोल्ट त्याच डब्याचा ना? मी म्हणालो, मास्तर, खूण आहे. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

बोल्ट घट्ट लावून वरच्या भोकातून नवं तेल भरायला घेतलं. व्हिडिओत सांगितलंय, तेल बाहेर ओघळलं की पेटी भरली. अर्ध्या कपातच ओघळलं. नवं तेल उत्तम प्रतीचं आहे, थोडक्यात भागतं. दोन लिटर लागतात हे तेल विकणाऱ्यांचं म्हणणं.

आप्पांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: ‘ट्रान्सफर केसचं तेल बदललं. स्वहस्ते. उत्तम.’ अक्षर जरा मोठं आलं.

१४ मार्च, रात्री

बायकोला पातेलं सापडलं. जास्त लिहीत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

चाचणी म्हणून बाजारापर्यंत गेलो. बारीक ‘ऊंऽऽ’ आवाज येतोय. नव्या तेलाला मुरायला वेळ लागतो.

१६ मार्च, शनिवार

आवाज मुरलेला नाही. रेडिओ लावल्यावर येत नाही.

दुपारी आप्पांचा फोन. शाईचं पेन घेतलंय, नवं नको म्हणून जुनंच धुऊन घेतलंय. उद्या नऊला तयार राहतो म्हणाले. मग म्हणाले, तुम्ही आहात म्हणून होतंय हे. फोन ठेवला. मिस्त्रीकडे जावं असं एकदा मनात आलं. पण तो विचारणार, तेल कधी बदललं, कोणी, कसं? आणि शनिवारी त्याच्याकडे गर्दी असते. विनाकारण त्याला त्रास.

उद्या सगळं ठीक होईल. ठरलं.

१७ मार्च, रविवार. संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. थोडक्यात लिहितो.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. खिशात पेन. मी रेडिओ लावला. त्यांनी बंद केला. मग डोळे मिटून ऐकत बसले. वाऱ्याचा आवाज ओळखणारा माणूस, त्याच्यापासून मी काय लपवणार? असे सपाट रस्त्याचे वीस किलोमीटर गेले. बायकोने मागून विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणालो, रस्त्याचा.

चढ लागला. तिसऱ्या वळणावर आवाजाची घरघर झाली, जळका वास आला आणि गिअर अडकला. पुढे नाही, मागे नाही. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वर चौकीत फोन केला, त्यांच्याकडे नुसत्या दोन दुचाक्या होत्या. आप्पांचा गुडघा दुचाकीवर टांग टाकू देत नाही.

आप्पा उतरले. वाकता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, जरा खाली बघा, लाल ठिपक्याचा बोल्ट कसा आहे? मी बघितलं. म्हणालो, चकचकीत आहे, पान्याने ठिपका निम्मा निघालाय. ते म्हणाले, बरं.

एवढंच. बरं.

बायको पाण्याची बाटली घेऊन आली, काय झालं म्हणाली. आप्पाच म्हणाले, काही नाही गं, गाडी म्हातारी झाली, माझ्यासारखी. जावईबापूंवर उगाच चिडू नको. मी तिथेच उभा होतो. पायाने दगड सरळ करत राहिलो.

बरोबर अकराला वरून फोन आला. वाऱ्याचा आकडा वाचून दाखवला, तुमच्या वतीने आम्ही लिहू का, असं विचारलं. आप्पा म्हणाले, तुम्हीच लिहा, तिथे जो असतो त्यानेच लिहायचं असतं. मग पेनाचं टोपण काढलं, बघितलं, परत लावलं.

१८ मार्च, सोमवार

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. त्याने खाली वाकून बघितलं. म्हणाला, ट्रान्सफर केसमध्ये जुनंच तेल आहे, काठोकाठ. गिअरबॉक्स मात्र कोरडा ठणठणीत. लाल ठिपक्याचा बोल्ट कोणी खोलला?

मी म्हणालो, बघावं लागेल.

घरी येऊन वहीचं पहिलं पान वाचलं. पहिलीच ओळ: ‘खाली दोन सारखे बोल्ट आहेत. मागचा ट्रान्सफर केसचा. पुढचा गिअरबॉक्सचा, घाईत चुकून खोलला जाऊ नये म्हणून लाल ठिपका लावला आहे. त्याला हात लावू नये.’

१९ मार्च, मंगळवार

माझं ‘उत्तम’वालं पान फाडून टाकावं म्हटलं. वही शिवलेली आहे. ते पान ओढलं की त्याच्या जोडीचं, सुरुवातीकडचं, बायकोच्या जन्माच्या दिवशीचं पान सुटतं. (‘मुलगी झाली. टायर बदलले.’) नाही फाडलं.

खोडरबर चालत नाही. शाई लावून झाकावं म्हटलं.

मग सूचनांच्या तळाशी हे दिसलं: ‘चौकीचाच नियम इथेही. चुकलेली नोंद खोडायची नाही. त्यावर एक रेघ मारायची, खाली वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं.’

रेघ मारली. शेजारी लिहिलं: ‘तांत्रिक कारणाने बिघाड.’ वाचलं. त्यावरही रेघ. मग: ‘खुणेबाबत गैरसमज.’ रेघ.

चौथ्यांदा लिहिलं: ‘तेल बदललं नाही. दोन वर्षांपूर्वीही बदललं नव्हतं, खोटं सांगितलं. लाल ठिपक्याचा बोल्ट मी खोलला. आप्पा वर पोहोचले नाहीत ते माझ्यामुळे.’

बायकोला दाखवलं. तिने चारही ओळी वाचल्या, रेघांसकट. फोन लावून माझ्या हातात दिला.

आप्पांना सगळं वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, खाली सही केलीत का?

म्हणालो, नाही.

म्हणाले, करा.